न दिसण्याची लायकी

अंधाऱ्या खोलीत मडके दिसले नाही, म्हणून तिथे मडके नाही असे म्हणता येत नाही. उजेड आहे, डोळे ठीक आहेत, मडके असते तर दिसलेच असते, अशी परिस्थिती असूनही ते दिसले नाही, तरच 'मडके नाही' हे ज्ञान खरे ठरते. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि त्यांच्या मागोमाग अद्वैती यांनी या न दिसण्याला अनुपलब्धि हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. नैयायिकांनी ते स्वतंत्र मानायला नकार दिला. पण अट मात्र दोघांचीही एकच: न दिसणे 'योग्य' असले पाहिजे. म्हणजे पाहण्याची ऐपत असलेल्याला दिसले नाही, तरच त्या न दिसण्याला किंमत. ही चर्चा शेकडो वर्षे पाठशाळांत चालली आणि आज ती पाठ्यपुस्तकांत विसावली आहे. तिची खरी गरज मात्र आता एका भलत्याच बाजारात पडली आहे. कमी उजेडात चांगले काम करणारा छोटा कॅमेरा कोणता घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर 'जो सर्वांत उजळ आणि स्वच्छ फोटो देतो तो' असे समजले जाते. माझ्या मते ते उत्तर चुकीचे आहे. जो कॅमेरा आपल्याला काय दिसले आणि काय दिसले नाही यांत गल्लत करत नाही, तो घ्यावा. या दोन कसोट्या पुष्कळदा एकाच कॅमेऱ्याकडे बोट दाखवतात. पण जिथे त्यांच्या वाटा फुटतात, तिथे दुसरी पाळावी.

अजिंठ्याचे उदाहरण घेऊ, कारण तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉड न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते. म्हणजे हातात धरलेला कॅमेरा आणि मिळेल तो उजेड, एवढ्यावर भागवायचे. नाजूक रंगचित्रांवर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू नये असा संग्रहालयांचा संकेत आहे. बाहेर वाघूर नदीच्या पात्रात भर दुपारचे ऊन लाख लक्सच्या घरात असते, म्हणजे दोन हजार पट. आत ५० लक्स आहेत असे धरले तरी एफ/२.८ च्या लेन्सला आयएसओ १६०० ठेवून जेमतेम १/४० सेकंदाचे शटर मिळते. अशा परिस्थितीत सतराव्या लेण्यातल्या भिंतीचा फोटो घेतला आणि त्यात एक काळा डाग आला. तो डाग म्हणजे काय? चित्रकाराने रंगवलेला केशसंभार, शतकांचे काजळ, गिलावा गळून उघडा पडलेला खडक, की यांतले काहीच नाही, फक्त तिथवर उजेड पोचला नाही? पहिली तीन उत्तरे भिंतीबद्दल आहेत, चौथे कॅमेऱ्याबद्दल. हा फरक ज्या फोटोत करता येत नाही, तो फोटो कितीही देखणा असला तरी त्याची साक्ष कच्ची.

हा फरक कशावर अवलंबून असतो ते समजायला प्रकाशाच्या स्वभावाकडे जावे लागते. प्रकाश सलग धारेने येत नाही, सुट्या कणांनी येतो आणि ते कण ठरल्या वेळी हजेरी लावत नाहीत. एखाद्या बिंदूवर सरासरी दहा हजार फोटॉन पडत असतील तर चढउतार शंभरएकचा, म्हणजे एक टक्का. शंभर पडत असतील तर दहाचा, दहा टक्के. नऊच पडत असतील तर तीनचा, म्हणजे तब्बल एक तृतीयांश. हा हिशेब कुठल्या कंपनीच्या हातात नाही. अंधारातल्या फोटोत जे दाणे दिसतात ते बव्हंशी प्रकाशाच्या तुटवड्याचे दाणे आहेत, आणि त्यांचा दोष आयएसओला देण्याची जी सर्रास पद्धत आहे ती चुकीची आहे. आयएसओ हा गुणाकार आहे. आलेल्या तुटपुंज्या आकड्यांना तो मोठे करून दाखवतो, नवा प्रकाश आणत नाही. कॅमेऱ्याची स्वतःची कुरकूरही त्यात मिसळते, आणि ती पाहायची सोपी युक्ती आहे. लेन्सवर झाकण लावावे, आयएसओ ६४०० ठेवावा, एक फोटो घ्यावा आणि संगणकावर त्याचा उजळपणा भरपूर ताणावा. निखळ काळ्याऐवजी जांभळ्या-हिरव्या ठिपक्यांचा सडा दिसतो. अंधार हा प्रकाशाचा अभाव, असे वैशेषिकांचे सूत्र आहे. भाट्ट, म्हणजे कुमारिलांच्या परंपरेतले, मीमांसक त्याला रंग आणि गती असलेले द्रव्यच मानत. मीमांसकांच्याच दुसऱ्या शाखेचे, प्राभाकरांचे, म्हणणे, अंधार म्हणजे प्रकाशाच्या ज्ञानाचा अभाव. वस्तुस्थितीपुरते वैशेषिक बरोबर असतील, पण कॅमेऱ्यापुरता मी प्राभाकरांच्या बाजूचा आहे. फोटोतला काळा रंग भिंतीबद्दल बोलण्याआधी सेन्सरच्या ज्ञानाबद्दल बोलतो.

म्हणून लायकी वाढवायची तर मूळ उपाय एकच: जास्त प्रकाश आत घेणे. तो तीन गोष्टींनी येतो. सेन्सरचे क्षेत्रफळ, लेन्सचे तोंड (एफ नंतरचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) आणि शटर किती वेळ उघडे राहते ते. मेगापिक्सेलचा आकडा यात जवळजवळ कुठेच बसत नाही, जाहिरातीत मात्र तोच सर्वांत वर असतो. साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर साधारण २८ चौरस मिलिमीटरचा असतो. 'एक इंची' म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर (त्यात एक इंच कुठेच सापडत नाही, हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांपासून चालत आले आहे). एपीएस-सी सेन्सर ३६६ च्या आसपास. २०१२ साली आलेल्या सोनीच्या आरएक्स१०० ने एक इंची सेन्सर आणि एफ/१.८ ची लेन्स खिशात मावेल अशी बसवली, तेव्हापासून छोटा कॅमेरा म्हणजे रात्री निरुपयोगी, हे समीकरण मोडले. रिकोच्या २०१९ च्या जीआर थ्रीमध्ये एपीएस-सी सेन्सर आहे, पण लेन्स एफ/२.८ ची, सारख्या शटरला दोघांत आत येणारा एकूण प्रकाश मोजला तर रिको सुमारे तीस टक्क्यांनी पुढे राहतो, सेन्सरच्या आकारावरून वाटावे तसा तिपटीने नव्हे. फुजीफिल्मच्या २०२४ च्या एक्स१००सिक्समध्ये तोच आकार एफ/२ च्या लेन्सबरोबर येतो आणि प्रकाश रिकोच्या जवळपास दुप्पट होतो. खिशाला मात्र तो जड पडतो, दोन्ही अर्थांनी. शिवाय झूमचा एक सापळा असतो. पहिल्या आरएक्स१०० ची लेन्स झूम न करता एफ/१.८ ची आहे, पूर्ण झूम केल्यावर ती एफ/४.९ वर येते. प्रकाश सातपटीहून जास्त घटतो. दूरच्या पद्मपाणीचा चेहरा झूम करून जवळ आणला की कॅमेऱ्याची नजर अधू होते, आणि कौतुक मात्र १.८ या आकड्याचेच होते. हातातल्या थरथरीला आवर घालणारी सोय रिकोत आणि एक्स१००सिक्समध्ये आहे. भिंत हलत नसल्याने तिथे ती फार कामाची, माणसे हलत असतील तिथे तिचा उपयोग नाही.

चौथा उपाय अलीकडचा आहे आणि तो नीट तपासला पाहिजे, कारण त्याच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात. २०१८ नंतर फोनमध्ये रात्रीसाठीची खास सोय रुळली. आता छोट्या कॅमेऱ्यांकडूनही लोक तीच अपेक्षा करतात. तिच्यातला पहिला भाग असा की यंत्र पाठोपाठ अनेक फोटो घेते आणि ते एकमेकांवर जुळवून सरासरी काढते. नऊ फोटोंची सरासरी काढली की दाण्यांचा चढउतार तिसऱ्या हिश्श्यावर येतो. याला माझा काडीचाही आक्षेप नाही. एकच गोष्ट पुनःपुन्हा पाहून खात्री करून घेणे, याला आपल्या शास्त्रांत भूयोदर्शन म्हणतात आणि ते ज्ञानाला बळकटी देते. नऊही वेळा प्रकाश त्याच भिंतीवरून आला. दुसरा भाग वेगळा आहे. हजारो-लाखो फोटोंवर तयार झालेली प्रणाली समोरच्या दाणेदार पट्ट्यात 'हा केसांसारखा दिसतो' असे ओळखते आणि तिथे केसांचा पोत भरते. ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी शंकराचार्यांनी अध्यासाचे जे लक्षण दिले आहे त्याचा आशय असा, की पूर्वी कुठेतरी पाहिलेल्याचे दुसऱ्याच ठिकाणी, स्मृतीसारखे, भासणे. या प्रणालीच्या कामाचे याहून नेमके वर्णन कुठल्याही तांत्रिक पुस्तिकेत नसेल. दोरीवर साप भासतो तो लख्ख उजेडात नाही आणि मिट्ट काळोखातही नाही; मंद उजेडात भासतो, जिथे काहीतरी दिसते पण पुरते दिसत नाही. रात्रीचे छायाचित्रण नेमके त्याच पट्ट्यात चालते. २०२३ साली एका बड्या कंपनीच्या फोनवरून वाद झाला, तो याचा नमुना. चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवून त्या फोनने त्याचा फोटो घेतला, तर फोटोत चंद्रावरचा असा तपशील उमटला जो पडद्यावर नव्हताच. फोन चंद्र ओळखून त्याचा तपशील वाढवतो, असा खुलासा कंपनीने केला. चंद्राच्या बाबतीत हे फारसे बिघडत नाही, कारण त्याची आपल्याकडे वळणारी बाजू एकच असते. अजिंठ्याच्या भिंतीचा तसा दुसरा नमुना कुठल्याच स्मृतीत नाही.

यावर पहिला आक्षेप जोरदार आहे: शुद्ध पाहणे असे काही नसतेच. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत प्रत्येक बिंदूवर तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजला जातो. ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये असताना शोधलेली आणि १९७६ साली पेटंट मिळालेली ही जाळी आजही चालते. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून काढलेले असतात. म्हणजे भर उन्हातल्या फोटोतही रंगाचे दोन तृतीयांश आकडे अनुमानाचे. मग रात्रीच्या अनुमानावर एवढा राग का? आक्षेपातली माहिती खरी आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. मी अनुमानाच्या विरोधात नाही. नैयायिकांच्या अनुमानाला हेतू लागतो, आणि तो पक्षावर, म्हणजे ज्याविषयी बोलायचे त्यावरच, असावा लागतो. डोंगरावर आग आहे म्हणायचे तर धूर त्याच डोंगरावर हवा, शेजारच्या गावात दिसून चालत नाही. बायरच्या जाळीतले अनुमान शेजारच्या बिंदूंवर पडलेल्या, त्याच भिंतीवरून आलेल्या प्रकाशावर उभे असते. पोत भरणाऱ्या प्रणालीचा धूर दुसऱ्याच डोंगरावरचा असतो. शिवाय पहिल्या अनुमानाची चूक पकडता येते: बारीक जाळीदार कापडावर ते रंगीत लहरी उमटवते, आणि सरावलेली नजर त्या ओळखते. दुसऱ्याची चूक सफाईदार असते. तिच्यात काहीच खटकत नाही, हाच तिचा दोष.

दुसरा आक्षेप खुद्द नैयायिकांच्या घरातला आहे, आणि मला तो पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. लांबून चंदनाचे खोड पाहिले की 'हे सुगंधी चंदन' असे ज्ञान होते. वास तर नाकापर्यंत आलेला नसतो. तो पूर्वीच्या अनुभवातून येतो. तरीही नव्यनैयायिक याला प्रत्यक्षच म्हणतात, अलौकिक का होईना. म्हणजे स्मृतीने दर्शनात भर घालणे हे मुळात पाप नाही. मग कॅमेऱ्याच्या स्मृतीलाच का अडवायचे? याचे उत्तरही त्यांच्याच घरात आहे. शिंपल्यावर चांदी भासते तिचा उलगडा ते याच यंत्रणेने करतात: बाजारात पाहिलेली चांदी स्मृतीच्या वाटेने इथे हजर होते. एकाच वाटेने खरे चंदनही येते आणि खोटी चांदीही. म्हणून ज्ञान खरे की खोटे ते आतून कळत नाही, बाहेरून तपासावे लागते, हा न्यायदर्शनाचा आग्रह. चंदनाजवळ जाऊन वास घेता येतो, शिंपला हातात घेता येतो. फोटोबाबत ही सोय तेव्हाच असते जेव्हा स्मृतीने घातलेली भर आणि सेन्सरने घेतलेली नोंद वेगळी काढता येते. रॉ फाइलचे खरे मोल इथे आहे. फोटो मागाहून रंगवता येतो म्हणून ती घ्यावी असे सांगितले जाते. मी म्हणेन, यंत्राने स्वतःची मते घालण्याआधीच्या जबानीच्या ती सर्वांत जवळ असते म्हणून घ्यावी. ज्या छोट्या कॅमेऱ्यात रॉची सोय नाही तो, बाकी कितीही गुणी असला तरी, मी यादीतून काढून टाकेन.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून नकला करत राहिले आणि त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या. गिलावा पडून अर्धा गेलेला चेहरा समोर आला की नक्कल करणाऱ्यापुढे दोनच वाटा असतात: मोकळी जागा मोकळी ठेवायची, किंवा उरलेल्या अर्ध्यावरून चेहरा पुरा करायचा. दुसरी वाट देखणी असते, आणि मूळ भिंत आणखी झिजल्यावर तीच 'मूळ' होऊन बसते. रोममध्ये चेझारे ब्रांदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात जीर्णोद्धारासाठी एक मधली वाट काढली. गळालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून चित्र अखंड वाटते, जवळ गेले की भरलेली जागा कोणती ते लगेच कळते. अनुमान करा, पण त्याच्या अंगावर खूण ठेवा. फोटोतले दाणे आपोआप ही खूण बाळगतात. दाणेदार काळा भाग सांगतो की इथे मला नीट दिसले नाही. पुसून गुळगुळीत केलेला काळा भाग सांगतो की इथे काही नाही. पहिले विधान प्रामाणिक आहे, दुसरे अयोग्य अनुपलब्धीला योग्य अनुपलब्धीचे कपडे घालून उभे करते.

रंगाबाबत तर हा घोटाळा आणखी खोल आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांचा रंग निघू नये म्हणून त्यांवर लाखेचे रोगण लावले, आणि पुढे ते पिवळे पडले. आता लेण्यातल्या दिव्याचा उजेडही पिवळसर असेल तर फोटोतला पिवळेपणा किती दिव्याचा आणि किती रोगणाचा? कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स या भानगडीत पडत नाही. पिवळे दिसले की ते दिव्याचे, असे धरून काढून टाकतो. फोटो टवटवीत होतो आणि भिंतीवरची शंभर वर्षांची घटना त्यातून गायब होते. म्हणून तिथे व्हाइट बॅलन्स हाताने, एखादा करडा कागद भिंतीजवळच्या उजेडात धरून ठरवावा. ही सोय मेनूत पाच थर खाली दडवलेली नसावी, हीदेखील कॅमेरा निवडण्याची एक कसोटी धरायला हरकत नाही.

राहिला तिसरा आक्षेप, की सगळे फोटो काही पुरावे नसतात. समईच्या उजेडातली देवाची मूर्ती, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांमागचा नातवाचा चेहरा, यांचे फोटो कोर्टात दाखवायचे नसतात. ते सुंदर यावेत एवढेच लोकांना हवे असते. मान्य. पण सुंदरच हवे असेल तर चित्र काढून घेता येते. फोटोवर आपण जीव लावतो तो त्या क्षणी, त्या चेहऱ्यावरून निघालेला उजेड त्यात अडकला आहे म्हणून. आजीच्या पापण्यांच्या जागी कुठल्या तरी सर्वसामान्य पापण्या बसवल्या तर फोटो जास्त रेखीव होईल आणि कमी आजीचा होईल. अद्वैत्याने इथे 'एरवीही सगळे भासच' म्हणून हात झटकू नयेत. दोरी की साप हा भेद व्यवहाराच्या पातळीवर त्याच्याही दर्शनात शाबूत आहे, आणि कॅमेऱ्याची खरेदी ही व्यवहाराचीच पातळी आहे. उलट बाजूने, डोळ्यांना जे दिसले नाही ते फोटोत आले तर तो खोटा, असेही नव्हे. चांदण्यात आपल्याला रंग जवळजवळ दिसत नाहीत, कारण तेवढ्या उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम सोडतात. लांब एक्स्पोजर दिलेल्या फोटोत गवत हिरवे येते आणि ते खरेच हिरवे असते. तिथे कॅमेऱ्याची लायकी आपल्याहून जास्त आहे, इतकेच.

तेव्हा घेताना मोठा सेन्सर, झूम असेल तर पूर्ण झूमलाही न मिटणारी लेन्स, रॉ फाइल, आणि नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणे पुसण्याची क्रिया, बंद किंवा अगदी कमी करता येण्याची सोय, एवढे पाहावे. बजेट कमी असेल तर जुना, वापरलेला आरएक्स१०० नव्या १/२.३ इंची कॅमेऱ्यापेक्षा बरा. आणि पैसे मोजण्याआधी एक चाचणी घ्यावी. दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, मागच्या फळीवर, बारीक देवनागरी छपाईचे एखादे खोके असतेच. डोळ्यांना ती अक्षरे लागणार नाहीत इतक्या अंतरावरून फोटो घ्यावा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो भाग मोठा करून पाहावा. अक्षरे वाचता आली तर उत्तम. अक्षरांच्या जागी दाणेदार, धूसर पट्टा आला तरी कॅमेरा घ्यायला हरकत नाही. पण तिथे काळ्या, धारदार, अक्षरांसारख्या दिसणाऱ्या आणि कुठल्याही लिपीत नसलेल्या रेघोट्या आल्या, तर दुकानदाराला दुसरा कॅमेरा काढायला सांगावा.